उलटा धरलेला तेहतीस

ठोकमामा चांगले गृहस्थ आहेत असं मी म्हणणार नाही. ते अजून जिवंत आहेत, त्यामुळे त्यांच्याबद्दल चांगलंच बोलायची सक्ती माझ्यावर नाही. आमच्या संशोधन केंद्रात ते अकरा वर्षं होते. तेवढ्यात त्यांनी एक पहारेकरी, दोन ट्रकवाले आणि पाहुणे म्हणून आलेले एक प्राध्यापक, इतक्यांच्या कानाखाली आवाज काढला. प्राध्यापकांचा गुन्हा एवढाच, की त्यांनी मामांचा हातोडा न विचारता उचलला होता. मॅडमनी मामांना माफी मागायला लावली, तर मामा म्हणाले, "चुकलं. पण पुन्हा उचलू नका." याला माफी म्हणतात म्हणे.

केंद्र म्हणजे डोंगराच्या पायथ्याशी पत्र्याच्या पाच खोल्या. एका खोलीत दगड, एका खोलीत बेडूक आणि किडे स्पिरिटच्या बरण्यांत, आणि मधल्या खोलीत मी, रजिस्टर घेऊन. कुठला दगड, कुठला प्राणी, कुठे सापडला, कधी सापडला, हे सगळं माझ्या हातून लिहिलं जातं. मामा मला रजिस्टरबाईच म्हणायचे. दगडांचं काम मॅडमकडे, प्राण्यांचं सरांकडे. मामा दोघांचेही. वर चढायचं असलं, दोर बांधायचा असला, कुठल्या कड्याखाली उभं राहायचं आणि कुठल्या नाही हे ठरवायचं असलं, की शब्द मामांचा.

हा शब्द त्यांनी खाणीत कमावला होता. आमच्या डोंगराच्या पूर्वेला चुनखडीची खाण आहे. तिथे ते एकोणीस वर्षं ठोक्या होते. सुरुंग उडाला, धूळ बसली, की कमरेला दोर बांधून पहिला माणूस भिंतीवर जायचा तो ठोक्या. हातोड्याने दगड ठोकत जायचं. टण्ण वाजला तर दगड पक्का. बद्द वाजला तर मागे पोकळी आहे, तो पहारीने पाडायचा. त्यांनी हात हलवल्यावरच बाकीची माणसं आत जायची. एके दिवशी मॅनेजरने घाई केली आणि ठोकून व्हायच्या आधीच माणसं आत सोडली. एक माणूस दगडाखाली गेला. मामांनी दोरावरून उतरून मॅनेजरचा जबडा दोन ठिकाणी मोडला. पहारेकऱ्यांनी मामांना लोखंडी सळईने इतकं मारलं की डावा कान कायमचा गेला. वर सहा महिन्यांची कैद. सुटून आले तेव्हा मॅडमनी त्यांना ठेवून घेतलं. मॅडमना भेगांचा अभ्यास करायचा होता आणि भेगा मामांइतक्या कोणाला कळत नव्हत्या.

घरीही हात तसाच चालायचा. मुलाला त्यांनी लहानपणी पट्ट्याने मारलेलं आहे. मामी मध्ये पडल्या तर त्यांनाही लागायचं. मला हे कधीच पटलं नाही, आणि मी ते त्यांना तोंडावर सांगितलेलं आहे. ते म्हणाले, "रजिस्टरबाई, तुम्ही तुमचं रजिस्टर बघा." मुलगा मोठा झाला, आणि मुद्दाम, बापाच्या नाकावर टिच्चून, त्याच खाणीत कामाला लागला. तेही सुरुंगाच्या टोळीत, भिंतीच्या मुळाशी छिद्रं पाडायला. ज्या दिवशी त्याने हे घरी सांगितलं त्या दिवशी मामांनी त्याला मारलं आणि पोराने पहिल्यांदा उलटा हात टाकला. मामांचा पुढचा दात पडला. तेव्हापासून बापलेकांचा छत्तीसचा आकडा. मुलगा खाणीच्या खोल्यांत राहायला गेला. मामी दर दोन-तीन दिवसांनी डबा घेऊन तिकडे जायच्या आणि येऊन मामांना ऐकू जाईल असं भांड्यांशी बोलायच्या, "आज पश्चिमेला काम आहे म्हणे त्याचं. खोकला आहे जरा." मामा न ऐकल्यासारखं करायचे, पण उजवा कान तिकडेच असायचा.

खाणीशी आमचं भांडण लागलं ते एका गोगलगायीपायी. सरांना ती पूर्वेच्या कड्यावरच्या भेगांमध्ये सापडली. कोटाच्या बटणाएवढी, पांढुरकी, चुनखडीशिवाय कुठे न जगणारी. सरांनी अहवाल दिला की पूर्वेची बाजू खोदू नये. पंधरा दिवसांनी भरदुपारी खाणीची तीसेक माणसं कुदळींचे दांडके घेऊन आमच्याकडे आली. बरण्या फुटल्या, बेडूक आणि साप स्पिरिटमध्ये फरशीवर लोळले, सरांचं मनगट मोडलं, माझ्या नडगीत काच घुसली ती अजून थंडीत ठणकते. मामा दारात उभे राहून जो येईल त्याला हाणत होते. त्या गर्दीत त्यांचा मुलगाही होता.

"बाबा, बाजूला व्हा," तो म्हणाला.

"आधी मला मार, मग आत जा," मामा म्हणाले.

तो मारणार असं मला वाटलं. त्याने दांडका उचलला होता. पण तो बाजूच्या खिडकीवर आपटून निघून गेला.

एवढं होऊनही सर माघार घेईनात. या गोगलगायी किती आहेत आणि कुठवर फिरतात, हे मोजायचं ठरलं. शंभर पकडायच्या, पाठीवर आकडे घालायचे, पुन्हा सोडायच्या, आणि महिनाभर शोधत राहायचं. एक ते पन्नास कड्याच्या माथ्यावरच्या मोठ्या भेगेत, एक्कावन्न ते शंभर पायथ्याच्या ओढ्यातल्या दगडांत. आकडे मामांनी घातले. लाल नेलपॉलिशमध्ये टाचणी बुडवायची आणि कवचावर लिहायचं. ज्या हाताने जबडा मोडला त्या हाताने ते तासन् तास बसून शंभर गोगलगायींवर आकडे काढत होते. मी चिडवलं, "मामा, मामींच्या नखांनाही लावा थोडं." ते हसले नाहीत. म्हणाले, "आकडा वाचताना कवचाचं तोंड खाली धरायचं. मी तसं लिहितोय." मी मान डोलावली. लिहून ठेवलं नाही. ज्या बाईला सगळं लिहून ठेवायचा पगार मिळतो, तिने तेवढंच एक लिहून ठेवलं नाही.

त्या आठवड्यात दोन दिवस धो धो पाऊस झाला. शुक्रवारी उघडल्यावर सरांना खाणीच्या भिंतीच्या मुळाशी, ओलाव्यात, आकडा घातलेली एक गोगलगाय मिळाली. बरणीत घालून त्यांनी ती माझ्या टेबलावर ठेवली आणि ते शहरात बैठकीला गेले. मी पाहिलं, नोंद केली: ६६, पायथा. सहासष्ट पायथ्याचीच होती, पायथ्याशी सापडली, त्यात विशेष ते काय?

मंगळवारी सकाळी मामा ओढ्यातून एक गोगलगाय घेऊन आले. तिच्यावरही ६६.

मग मी जे तोंड सोडलं ते सोडलं. "दोन सहासष्ट? मामा, शंभरपर्यंत आकडे येत नव्हते तर सांगायचं होतं! सरांचा महिना पाण्यात घातलात. सगळ्यांना शिकवायला पुढे, आणि स्वतः..." मामांनी मला बोलू दिलं. मग शुक्रवारची बरणी उचलली, गोगलगाय बाहेर काढली, तिचं तोंड खाली केलं आणि माझ्यासमोर धरली.

तेहतीस.

टाचणीने काढलेल्या तीनाची शेपटी ती काय असणार. उलटा धरला की तीन सहासारखा दिसतो, आणि दोन तीन उलटे धरले की सहासष्ट. मला आधी हसू आलं. मग मामांचा चेहरा पाहिला.

"ही माथ्याची आहे," ते म्हणाले. "हिला मी माझ्या हाताने वरच्या भेगेत सोडली."

माथ्यापासून पायथ्यापर्यंत दोनशे फुटांची उघडी, उन्हात तापलेली, सुरुंगांनी सोललेली भिंत. तिच्यावरून ही बटणाएवढी गोगलगाय आठवड्यात उतरून येणं शक्य नव्हतं. वरून पडली असती तर कवच फुटलं असतं. बाहेरून आली नसेल, तर आतून आली. पावसाच्या पाण्याबरोबर, भेगेतून.

मॅडम आल्या. त्यांनी आम्हाला तेच पुन्हा सांगायला लावलं आणि त्या खाली बसल्या. वरची भेग तीसेक फूट खोल असेल असा त्यांचा आतापर्यंतचा अंदाज होता. ती तळापर्यंत गेली असेल तर पूर्वेची अख्खी भिंत डोंगरापासून सुटलेली होती. घरातलं जड कपाट भिंतीपासून सुटून नुसतं उभं असावं, तशी. आणि मागे पाणी भरलेलं.

"आज पूर्वेला काम आहे त्याचं," मामा म्हणाले. "सकाळीच घरी ही म्हणत होती. मुळाशी छिद्रं पाडतायत."

मॅडमनी खाणीच्या मॅनेजरला फोन लावला. हा तोच, मोडलेल्या जबड्याचा. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हणजे मॅडम, गोगलगायीने सांगितलं म्हणून मी काम बंद करू? अहवालाने जमलं नाही, आता हे काढलंत?" आणि फोन ठेवला. सरकारी कार्यालयातले साहेब म्हणाले, लेखी अर्ज द्या, उद्या बघतो. मामा तोपर्यंत जीपमध्ये जाऊन बसले होते.

मॅडमनी जीप काढली. मी रजिस्टर छातीशी धरून मागे बसले, जणू ते दाखवल्यावर कोणी ऐकणार होतं. फाटकावर चार पहारेकऱ्यांनी अडवलं. मॅडम समजावून सांगत होत्या, तर एकाने त्यांना ढकललं, त्या जीपच्या दारावर आपटल्या, चष्मा फुटला, भुवईतून रक्त आलं. दुसऱ्याने मला थोबाडीत मारली. आयुष्यात मला कोणी मारलं नव्हतं. मी त्याच्या हाताला कडकडून चावले आणि सोडलंच नाही, तोंडात रक्ताची चव आली तरी. मामांच्या डोक्यात काठी बसली, कपाळ फुटून डोळ्यात रक्त उतरलं. त्यांनी ते बाहीने पुसलं, त्या माणसाच्या पोटात हातोड्याचा दांडा घातला आणि ते आत पळाले. मी मागोमाग.

भिंतीच्या मुळाशी चौघे होते. मामांचा मुलगा छिद्रं पाडायच्या यंत्रावर, बाकी तिघे सळया आणि पाणी देत होते. मामांना पाहून त्याने यंत्र बंद केलं. मामा त्याच्याशी बोलायच्या आधी भिंतीपाशी गेले. त्यांनी पाच ठिकाणी हातोडा मारला. पाचही ठिकाणी बद्द. मलासुद्धा कळलं.

"बाहेर ये," मामा म्हणाले. "चौघेही या. ही सुटलेली आहे."

"मॅनेजरचं आणि तुमचं काय ते तुम्ही बघा. आमच्या पोटावर पाय देऊ नका."

"अरे, आवाज ऐक ना. तुला शिकवलंय मी."

"काय शिकवलंय ते पाठीवर आहे माझ्या."

तेव्हा मामांनी हात जोडले. हातोडा काखेत धरून, कपाळावरून रक्त गळत असताना, त्यांनी स्वतःच्या पोरासमोर हात जोडले. "पाया पडतो तुझ्या. चल."

मुलाचा चेहरा क्षणभर हलला. मग म्हणाला, "आयुष्यभर मारून सांगितलंत. आज हात जोडले की लगेच ऐकायचं का मी?" आणि त्याने वळून यंत्र सुरू केलं.

मामांनी काखेतून हातोडा काढला आणि त्याच्या गुडघ्याखाली घातला. हाड मोडल्याचा आवाज यंत्राच्या आवाजातूनही आला. तो कोसळला, यंत्र आडवं पडून जमिनीवर थडथडत राहिलं. एक घाव पुरला असता. मामांनी त्याच जागी दुसरा घातला. पोरगा "आई" म्हणून ओरडला, आणि मी डोळे मिटले. उघडले तेव्हा पहारेकरी मामांवर तुटून पडले होते. सळया, लाथा, जे हाताला येईल ते. मामा हात वर करत नव्हते. तोंडाने एकच, "याला उचला. याला बाहेर न्या."

मॅनेजर आला. मुलाचा लोंबणारा पाय पाहून त्याने तोंड फिरवलं. "घेऊन जा तुमचा पेशंट," मॅडमना म्हणाला. "याला मात्र पोलीस नेतील." टोळीतल्या तिघांनी पोराला फळीवर घेतलं आणि जीपपर्यंत आणलं. त्यातल्या एका उंच मुलाने स्वतःचा शर्ट काढून त्याच्या पायाला घट्ट बांधला. मग तो माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "मावशी, खरंच पडणार का हो भिंत?"

"हो. बस गाडीत. तिघेही बसा."

त्याने मागे पाहिलं. मॅनेजर हाक मारत होता, की काम कोण करणार, खाडा लावू का. "बघतो," तो उंच मुलगा म्हणाला आणि गेला. उघड्या अंगाने, हात पुसत. बाकीचे दोघे त्याच्या मागे. मी त्याचा हात धरला नाही. मघाशी एका माणसाचा हात मी दातांनी धरून ठेवला होता, आणि याचा नाही.

आम्ही दुसऱ्या वळणावर होतो तेव्हा आवाज आला. सुरुंगाचा आवाज एकदम येतो आणि संपतो. हा संपेचना. मॅडमनी गाडी थांबवली. मागे डोंगराच्या पूर्वेला पांढरी धूळ वर चढत होती. माझ्या मांडीवर डोकं ठेवून मामांचा पोरगा इतका वेळ ओरडत होता. मग त्याने एकेकाचं नाव घेऊन हाका मारायला सुरुवात केली, आणि दवाखाना येईपर्यंत तो त्या तिघांनाच हाका मारत होता.

त्यांना काढायला पाच दिवस लागले. मामा फाटकावरच्या खोलीत कोंडलेले होते, म्हणून वाचले. मॅनेजरही वाचला. असली माणसं नेहमी भिंतीपासून लांब उभी असतात.

सात महिन्यांनी खटला उभा राहिला. खाणीवरचा वेगळा, तो अजून चालू आहे. हा मामांवरचा: मुलाला गंभीर दुखापत, पहारेकऱ्यांना मारहाण, आणि आधीची शिक्षा खात्यावर होतीच. मला साक्षीला बोलावलं. सरकारी वकिलांनी रजिस्टर उघडून विचारलं, ही शुक्रवारची नोंद कोणाची? मी म्हटलं, माझी. चूक कधी कळली? मंगळवारी. म्हणजे चार दिवस? मी म्हटलं, चार दिवस. त्यांनी पुढचा प्रश्न विचारला. मला वाटलं होतं की कोणीतरी मला ओरडेल. कोणी ओरडलं नाही. ते जास्त लागलं.

मग मुलगा आला. कुबडीवर. पाय दीड इंच आखूड झालाय. मामींनी त्याला खुर्चीपर्यंत नेलं. तो बापाकडे न बघता म्हणाला, "मी घसरलो. यंत्र पायावर पडलं. बाबांनी मला हात लावला नाही."

मामांचे वकील खूश झाले. सरकारी वकील चिडले. मामी पदराने डोळे पुसायला लागल्या. दोन वर्षं एका घरात न राहिलेला पोरगा बापासाठी कोर्टात खोटं बोलत होता, आणि मलाही भरून आलं. सुटले म्हातारे, असं मला वाटलं.

मामा पिंजऱ्यात उठून उभे राहिले.

"पोरगा खोटं सांगतोय, साहेब. मी मारलं. दोनदा मारलं."

त्यांचे वकील त्यांना बसवायला लागले. मामांनी त्यांचा हात झटकला.

"पण गुन्हा चुकीचा लिहिलाय. तिथे चौघे होते. हातोडा हातात होता माझ्या. चौघांचे पाय मोडायला हवे होते, मी एकट्या माझ्या पोराचा मोडला. बाकीच्यांना नुसतं तोंडाने सांगितलं. ते लिहा."

न्यायाधीश काही बोलायच्या आधी माझ्या मागच्या बाकावरून एक बाई उठली. त्या उंच मुलाची आई. आधी कधी तिला बोलताना ऐकलं नव्हतं. ती ओरडली नाही. बाजारात भाव विचारावा इतक्या साध्या आवाजात तिने मामांना विचारलं,

"मग माझ्या पोराचा का नाही मोडलात?"

शिपाई तिला बाहेर न्यायला आला, पण ती उत्तरासाठी थांबून होती.